‘यापेक्षा भारी मिळेल’ म्हणू नका!

‘तू खूप चांगली आहेस गं, पण...’ या ‘पण’नंतर काय येतं, हे तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. मला ते गेल्या दिवाळीनंतर कळलं. अडीच वर्षांचं नातं एका फोन कॉलमध्ये संपलं. त्याच्या घरचे तयार नव्हते. मग हळूहळू लक्षात आलं, की तोही तयार नव्हता. पुढचे दोन महिने मी त्याचं ‘लास्ट सीन’ बघत बसले आणि आपल्यात नक्की काय कमी आहे, याची यादी करत राहिले. रंग, उंची, इंग्रजी, आडनाव. यादी रोज वाढायची.

समजूत घालायला सगळे आले. मैत्रिणी म्हणाल्या, ‘सोड ना, यापेक्षा भारी मिळेल.’ मी वसईच्या ख्रिस्ती घरातली. आमच्याकडे हेच वाक्य जरा भक्तिभावाने येतं, ‘देवाने तुझ्यासाठी कोणीतरी ठेवलंय.’ बोलणाऱ्यांची माया खरी असते हो. पण नीट ऐका. दोन्हींचा अर्थ एकच निघतो: पुढचा कोणी ‘हो’ म्हणेल, तेव्हा तुझी किंमत तुला परत मिळेल. तोवर काय?

ईस्टरआधीच्या उपवासकाळात एका रविवारी मम्मीने मला मिस्साला ओढून नेलं. वाचन होतं योहानाच्या शुभवर्तमानातल्या चौथ्या अध्यायाचं. गोष्ट लहानपणापासूनची पाठ. एक शोमरोनी बाई भर दुपारी एकटीच विहिरीवर येते. तिचे पाच नवरे होऊन गेलेत आणि आता ज्याच्यासोबत राहते, तो तिचा नवरा नाही. पाच का, ते तिथे लिहिलेलं नाही. काही वारले असतील, काहींनी टाकलं असेल. गाव काय बोलत असेल, ते आपल्याला न सांगता कळतं. विहिरीवर दमून बसलेला येशू तिला म्हणतो, मला प्यायला पाणी दे.

चवदार तळ्याचा सत्याग्रह शाळेत शिकलेल्या आपल्याला या मागण्याचं वजन वेगळं सांगायला नको. यहुदी लोक शोमरोन्यांशी संबंध ठेवत नसत. हा मात्र तिच्या हातचं पाणी मागतो. तिचं सगळं आयुष्य त्याला माहीत आहे, तरी उपासना म्हणजे काय, यावर तिच्याशी बरोबरीने बोलतो. शेवटी ती घागर तिथेच ठेवून गावात धावते आणि लोकांना बोलावून आणते. गोष्टीत तिला सहावा, चांगला नवरा मिळत नाही. इतक्या वेळा ऐकूनही हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं!

पंडिता रमाबाईंच्या आयुष्यातही हीच गोष्ट येते. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. लंडनच्या फुलहॅम भागात समाजाने ‘वाया गेलेल्या’ ठरवलेल्या स्त्रियांना सिस्टर्स मायेने सांभाळताना त्यांनी पाहिलं. हे कशाच्या बळावर, असं विचारल्यावर त्यांना या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली गेली, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. पुढे त्यांनी केडगावला मुक्ती मिशन उभं केलं. घराने टाकलेल्या, दुष्काळाने उघड्यावर आणलेल्या बायका-मुली तिथे लिहा-वाचायला शिकल्या, छापखाना चालवायला, विणायला, शेती करायला शिकल्या.

त्या रविवारनंतर मी रडलेच नाही, असं म्हटलं तर खोटं होईल. मी काउन्सेलरकडेही गेले. तुम्हाला गरज वाटली, तर तुम्हीही जा. प्रार्थनेचं आणि काउन्सेलिंगचं काही भांडण नाही. पण ती यादी करणं थांबलं. कुणी मला निवडण्याआधीच देवाने मला मोलाचं मानलंय, हे लहानपणी पाठ केलेलं वाक्य आता कुठे पटायला लागलंय. तुमची श्रद्धा वेगळी असेल, कदाचित नसेलही. तरी एक विनंती आहे.

पुढच्या वेळी एखाद्या मित्राला किंवा मैत्रिणीला कुणी ‘पण...’ म्हणून सोडून गेलं, तर ‘यापेक्षा भारी मिळेल’ म्हणू नका. त्यांच्याकडे काहीतरी मागा. नोट्स मागा, प्रोजेक्टला मदत मागा. काहीच सुचलं नाही, तर सरळ घरी जाऊन म्हणा, ‘चहा टाक ना, तुझ्या हातचा प्यायचाय.’