कल्हई आणि पात्यांचीं टोकें

भंडाऱ्याचीं पितळी भांडीं सर्वश्रुत आहेत. आम्हां मोहाडीकरांस कल्हईचें नवल तें काय? शाळेंत तर 'मुलामा' म्हणजे वरवरचें सोंग, असाच अर्थ आम्ही सांगत असूं. परंतु नागपुरास २०१५ सालीं विमानदुरुस्तीचा कारखाना निघाल्यापासून आमच्या नातवास एंजिनांचें वेड. त्यानें एका निराळ्याच मुलाम्याची गोष्ट काढली.

टर्बाइनचें पातें व भोंवतालचें कवच यांत फट राहिली, तर तप्त वायु काम न करितां निसटतो व इंधन व्यर्थ जातें. न ठेवावी तर पातेंच घासून झिजतें. म्हणून टोकावर हिऱ्याच्या खालोखाल कठीण असे बोरॉन नायट्राइडचे रवे बसवितात. भट्टींत जोडावे तर पात्याच्या धातूचे गुण बिघडण्याचें भय. यास्तव हें काम उकळत्या पाण्याहूनही कमी उष्णतेवर, विजेनें होतें. टोक उघडें ठेवून बाकीचें पातें झांकतात व निकेलच्या द्रावांत ऋणाग्रास जोडितात. टोकावर पसरलेल्या रव्यांभोंवतीं निकेल चढतें, आणि कोंदणांतील खड्याप्रमाणें ते अर्धेअधिक रुततात. मग फिरतें पातें कवचाच्या अस्तरांत आपली खांच आपणच कोरतें.

प्रखर उष्णतेंत हे रवे मात्र लवकरच जळून जातात. मग इतका खटाटोप कशाला, असें आम्हीं विचारलें.

"आजोबा, तोंवर खांच कोरून झालेली असते," तो म्हणाला.