विमानाला एक टक्का, टेम्पोला एकवीस

परुळे-चिपीच्या कातळावर 9 ऑक्टोबर 2021 ला विमानतळ उघडला. हारतुरे झाले. आता आकडे वाचा. केंद्राच्या 2016 च्या उडान योजनेनं राज्यांना अट घातली : अशा विमानतळावर विमानाच्या इंधनावर व्हॅट 1 टक्का किंवा कमी, तोही 10 वर्षं.

तिथून मालवणच्या पंपावर या. डिझेलवर व्हॅट 21 टक्के. पेट्रोलवर 25, वर लिटरमागं 5 रुपये 12 पैसे. गावकुसाबाहेरच्या वाडीतला पोरगा कर्ज काढून मासळीचा टेम्पो हाकतो, त्यानं कुठल्या योजनेत बसायचं? यांत्रिक होडीला परतावा आहे म्हणे. आहे की! आधी पुरे पैसे मोजा, सोसायटीतून कागद धाडा, मग बसा वाट बघत. विमान कंपनीला असं कुणी बसवत नाही.

2023 च्या बजेटात राज्य सरकारनं मुंबई, पुणे, रायगडात विमान-इंधनाचा व्हॅट 25 वरून 18 वर आणला. कारण काय, तर बंगलोर-गोव्याशी बरोबरी. कंपनी टाकी दुसरीकडं भरेल ही भीती. अहो, बांद्याची पोरंही स्वस्त पेट्रोलसाठी गोव्यात जातात. त्यांच्यासाठी कुणी बरोबरी केली?

हा खेळ जगभरचा. 1944 च्या शिकागो करारानं परदेशातून टाकीत आलेलं विमान-इंधन करमुक्त केलं. फ्रान्सनं मात्र रस्त्यावरच्या डिझेलचा कर वाढवायला घेतला, आणि 2018 ला पिवळी जाकिटं रस्त्यावर आली. वाढ रद्द करावी लागली.

आमचं म्हणणं सरळ आहे. होडीचा परतावा पंपावरच वजा करा. आणि चिपीतल्या सवलतीचा पैन् पैचा हिशेब चव्हाट्यावर मांडा.