कुर्तुबा माहीत आहे, दाभोळ माहीत नाही

आमच्या जुन्या शहरातल्या कोणत्याही उर्दू वाचणाऱ्या घरात जा आणि अंदलूसचं नाव काढा. चहा येईपर्यंत कुर्तुब्याच्या मशिदीचे खांब, गरनाट्याचा अल-हमरा, १४९२ सालची हार, सगळं निघतं. इक्बाल १९३३ मध्ये स्पेनला गेले होते आणि 'मस्जिद-ए-कुर्तुबा' ही त्यांची नज्म त्यातूनच आली, हेही कुणीतरी सांगतं. मग एक लांब उसासा. मीही हे उसासे भरपूर टाकले आहेत, माझ्याकडे बी.एड.ची पदवी आहे आणि उसासे टाकण्याचा वीस वर्षांचा अनुभव.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी बायको आणि दोन मुलांना घेऊन कोकणात गेलो. उद्देश अंदलूस नव्हता, दाभोळही नव्हतं. मुलांनी समुद्र पाहिला नव्हता, एवढंच. आम्ही मोर्णाकाठची माणसं. पाणी म्हणजे पावसाळ्यात दोन दिवस पूर आणि बाकी वर्षभर नळाची वाट बघणं.

रात्रीच्या गाडीने कल्याण, तिथून पनवेल, मग एसटी. पहिले दोन दिवस सगळे जातात तिथेच गेलो, अलिबाग आणि काशीद. काशीदची वाळू खरंच पांढरी आहे, खोटं कशाला बोलू. पण किनाऱ्यावर उंट, घोडागाडी, स्कूटर, मॅगीच्या टपऱ्या, आणि प्रत्येक गोष्टीचा भाव माणसाच्या तोंडाकडे बघून. हॉटेलात बादलीभर पाणी मिळालं तेव्हा बायको म्हणाली, "इत्ते दूर से आए और यहाँ भी पानी नाप के?" मुलगा खूश होता. मला मात्र वाटत होतं की आपण कुठेच आलेलो नाही. सिनेमातल्या समुद्रासमोर चार लोकांनी उभं राहावं, तसं काहीतरी.

तिसऱ्या दिवशी राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्याला गेलो. किल्ल्यावर गाईड लोक कलालबांगडी तोफ दाखवतात, किल्ला कुणालाच जिंकता आला नाही हे सांगतात आणि पाऊण तासात परत होडीत बसवतात. होडीवाल्या चाचांनी मुलीला विचारलं, जंजिरा म्हणजे काय? ती म्हणाली, जंजीर, साखळी. ते हसले. म्हणाले, अरबी 'जझीरा', बेट. उर्दूच्या मास्तरासमोर त्याच्या मुलीला हे होडीवाल्याने शिकवावं, याची थोडी शरम वाटली आणि आनंदही झाला.

त्यांनीच सांगितलं की राजपुरीजवळ खोकरीला सिद्द्यांच्या कबरी आहेत, त्या बघा. आम्ही गेलो. तीन मोठे दगडी मकबरे, त्यातला सिद्दी सुरूल खानाचा सगळ्यांत भव्य. आफ्रिकेतून आलेल्या माणसांनी इथे राज्य केलं, ते १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत चाललं, आणि त्यांचे राजे या झाडीत झोपलेले आहेत. किल्ल्यावर त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. खोकरीला आम्ही चौघं आणि एक शेळी.

तिथून पुढे मी सहलीचा बेतच बदलला. आगरदांड्याहून दिघीला फेरीबोट, श्रीवर्धन, मग बागमांडल्याहून वेश्वीला दुसरी फेरीबोट. वाटेत वाड्यांमध्ये अजून मोकळ्या जागा दिसत होत्या. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात नारळी-पोफळी आडव्या झाल्या त्या. पोफळ लावून उत्पन्न हाती यायला वर्षं जातात. आमच्याकडे कापूस बुडाला तर पुढच्या जूनमध्ये पुन्हा पेरता तरी येतो.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. नाही सांगितली तर हा लेख पर्यटन खात्याचा होईल. एका गावात फोनवर खोली ठरवली होती. पोहोचल्यावर आधार कार्ड दिलं. मालकाने नाव वाचलं, आत गेला, बाहेर आला आणि म्हणाला, खोल्या भरल्या आहेत. अंगणात एकही गाडी नव्हती. मी वाद घातला नाही. मुलं सोबत होती. मुलीने विचारलं नाही, पण तिला कळलं. नववीतल्या मुलीला सगळं कळतं.

मग्रिबच्या नमाजनंतर मशिदीत एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारपूस केली आणि सरळ घरी नेलं. आयुष्यभर आगबोटींवर नोकरी केलेले, आता निवृत्त. मुलगे आखातात. मोठं घर, उतरतं कौलारू छप्पर, बारा खोल्या असतील, त्यातल्या नऊंना कुलूप. त्या गल्लीतली निम्मी घरं अशीच. त्यांचे दूरचे नातेवाईक केपटाऊनला आहेत, तिथे कोकणी मुसलमानांच्या कितीतरी पिढ्या झाल्या. समुद्राकाठचा माणूस पुण्याआधी केपटाऊनला पोहोचतो, हे मला अकोल्यात बसून कधी सुचलं नसतं.

पण मला सांगायचं आहे ते त्यांच्या बायकोबद्दल. त्यांना सगळे नानी म्हणतात. नानींना उर्दू फार येत नाही. कुराण वाचतात, पाच वेळची नमाज कधी चुकत नाही, पण घरातली बोली कोकणी. मी अदबीने उर्दूत बोलायला लागलो तर त्या पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मग मी मराठीत बोललो तर म्हणाल्या, ही तर पुस्तकातली. बाप म्हणजे बापूस, मासळी म्हणजे म्हावरं. माझी मुलगी स्वयंपाकघरात त्यांच्याजवळ बसून राहिली, तांदळाच्या भाकऱ्या थापायला शिकली (आम्ही ज्वारीवाले, तिची पहिली भाकरी पाहून नानींनी ती गुपचूप कोंबड्यांना घातली). रात्री ती मला म्हणाली, "अब्बू, नानी मराठीच बोलती क्या?"

हा प्रश्न साधा नाही. मागच्या वर्षी याच मुलीने मराठीचं पुस्तक बाजूला ठेवून मला सांगितलं होतं, "वो उनकी जबान है." मी दोन्ही भाषा शिकवतो, आणि माझ्याच घरात हे वाक्य बोललं गेलं. ते तिने घडवलेलं नव्हतं. अर्धं मोहल्ल्यातून आलं होतं. अर्धं त्या लोकांकडून, जे मला दर वेळी कौतुकाने विचारतात, "सर, तुमची मराठी इतकी चांगली कशी?" दोन्ही बाजूंनी एकच समजूत पक्की झालेली आहे: मुसलमान म्हणजे उर्दू. त्या खोलीमालकानेही आधार कार्डावर तेच वाचलं असेल. नानींच्या घरात ही समजूत दोन मिनिटं टिकत नाही. हमीद दलवाई याच पट्ट्यातले, चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. त्यांच्या सगळ्याच विचारांशी मी सहमत नाही, पण त्यांनी 'इंधन' मराठीत का लिहिली याचं आश्चर्य वाटून घेणाऱ्यांनी कोकणात एक रात्र राहावं.

हर्णैचा संध्याकाळचा माशांचा लिलाव पाहून आम्ही दाभोळला पोहोचलो. दाभोळ हे नाव माझ्या पिढीला एन्रॉनमुळे माहीत आहे, आणि गंमत म्हणजे तो प्रकल्प दाभोळला नाहीच, वाशिष्ठीच्या खाडीपलीकडे अंजनवेलच्या बाजूला आहे. खुद्द दाभोळ हे बहमनींचं आणि नंतर आदिलशाहीचं बंदर. अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी १४६९ मध्ये एक घोडा घेऊन चौलला उतरला, दख्खनमध्ये फिरला आणि परत जाताना जहाजात बसला तो दाभोळला. १५०८च्या डिसेंबरमध्ये पोर्तुगिजांनी हे शहर जाळलं. पुन्हा वसलं.

धक्क्याजवळ, माडांच्या मधोमध, काळ्या दगडाची शाही मशीद आहे. गावात तिला अंडा मशीदही म्हणतात. एक मोठा घुमट, चार मिनार, १६५९-६०चं बांधकाम. विजापूरच्या आयशाबीबीने बांधली म्हणतात. ती हजला निघाली होती, समुद्र सुरक्षित नव्हता, जाता आलं नाही, तर हजचा पैसा तिने इथे लावला, अशी हकिकत आहे. बांधकाम पुरं झालं त्याच सुमारास दाभोळ शिवाजी महाराजांकडे आलं. मशीद उभी राहिली, आजही आहे. मी वुजू करून दोन रकात पढलो. बाहेर जाळी विणत बसलेले लोक होते. कॅमेरा फक्त आमचाच.

स्पेनमध्येही हेच घडतं, असं वाचलेलं आठवलं. दक्षिण किनाऱ्यावर अल्मुनेकार नावाचं गाव आहे. ७५५ साली पहिला अब्दुर रहमान तिथे उतरला, त्याचा पुतळाही तिथे आहे, आणि उन्हाळ्यात युरोपभरचे लोक तिथल्या वाळूवर पडलेले असतात. मालागाच्या पूर्वेकडच्या डोंगराळ मुलखाला अजून 'अक्सारकिया' म्हणतात, आपल्या 'मशरिक'चाच धातू. किनाऱ्यावरच्या हॉटेलातून किती जण तो डोंगर चढतात, कोण जाणे. आपण इथून उसासे टाकतो ते त्यांच्यासाठी. त्यांच्या किनाऱ्याचं काय करायचं ते ते बघतील. अब्दुर रहमान कुठे उतरला हे मला माहीत होतं, आणि आयशाबीबीचं नाव मी पंचेचाळिसाव्या वर्षी ऐकलं. आणि दूर कशाला, आमच्या जुन्या शहरातल्या असदगडावर माझ्या वर्गातली किती मुलं गेली आहेत विचारलं तर हात मोजायला एक हात पुरतो.

उर्दू शाळांच्या सहली वर्षानुवर्षं खुलताबाद, दौलताबाद, वेरूळ. चांगल्याच आहेत. घरच्या सहली अजमेर किंवा मग असल्या हॉटेलाच्या. मी सुचवलं की यंदा नववीला कोकणात नेऊ: राजपुरी, खोकरी, दोन फेरीबोटी, हर्णै, दाभोळ, आणि एक रात्र कोकणी मुसलमानांच्या वस्तीत, मुलींची सोय नानींकडे. काशीदही ठेवलं आहे, मुलांचं मन मोडू नये म्हणून. खर्च मांडला, अंतर मांडलं. लांब आहे, हा आक्षेप बरोबर आहे. मुलींना इतक्या दूर पाठवायचं का, हाही आला, आणि तो मी हसण्यावारी नेत नाही. त्यासाठी माझी बायको सोबत येणार आहे, पाण्याची खात्री करून घेऊन.

पालकसभेत मी मोबाईलवर दाभोळच्या मशिदीचा फोटो फिरवला. एक गृहस्थ बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "माशाअल्लाह. ये स्पेन की है ना, सर?"

सध्या यादीत अठरा नावं आहेत. एसटी पूर्ण भरायला चाळीस लागतात.