‘बोलेल हळूहळू’ म्हणण्याआधी

‘याचा बाबाही तीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता.’ दोन वर्षांचं मूल हाकेला वळून बघत नसलं, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नसलं, तरी हे वाक्य ऐकवलं जातं आणि वर्ष निघून जातं. मग स्वमग्नतेचं निदान होतं. थेरपिस्ट शहरात, आठवड्यातून फार तर तासभर. उरलेला वेळ मूल घरातच असतं.

त्या वेळेचं काय करता येतं, ते गोवा आणि रावळपिंडीतल्या ६५ मुलांच्या अभ्यासात दिसलं. तो २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त आला. तज्ज्ञांऐवजी प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्ते पालक-मुलाच्या खेळाचा व्हिडिओ काढून तोच पालकांना दाखवत. मूल गाडीचं चाक फिरवत बसलं असेल तर ‘म्हण गाडी, म्हण!’ असा मारा करायचा नाही. शेजारी बसायचं, ‘गरगर’ म्हणायचं आणि थांबायचं. हे थांबणंच अवघड! पालकांचा प्रतिसाद सुधारला, मुलं आपणहून संवाद सुरू करू लागली. भाषेत मात्र ठळक वाढ दिसली नाही; ‘सहा महिन्यांत बोलतं करू’ अशा जाहिराती वाचताना हे आठवावं.

पण ‘घरीच करा’ म्हणून सरकारने हात झटकू नयेत. ‘पालक’ म्हणजे बहुधा एकटी आईच असते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. तिथून असा कार्यकर्ता तिच्या दारापर्यंत पोचायला हवा, तोही निदानाच्या कागदाची वाट न बघता.