पडद्यावर पुसलेली चूक डोंगरावरून खाली येते!

पनवेल हे रस्त्यांचे गाव आहे. कळंबोलीला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुरू होतो, पळस्पे फाट्यावरून गोव्याचा महामार्ग फुटतो आणि जुना पुणे रस्ता इथूनच बोरघाटाकडे जातो. २० मार्चला आणि २५ डिसेंबरला महाडला निघालेल्या आपल्या बांधवांच्या गाड्या पळस्प्यावरूनच वळतात. त्यामुळे रस्ता हा विषय आम्हाला परका नाही. खड्डे, टोल, रखडलेले चौपदरीकरण यांवर आम्ही निवेदने दिली, मोर्चे काढले, कोर्टाची पायरी चढलो. परंतु रस्ता जिथे जन्माला येतो त्या संगणकाच्या पडद्याकडे चळवळीने कधी पाहिले नाही. ते इंजिनिअरांचे काम, आपल्याला त्यातले काय कळणार, असे म्हणून आपण गप्प बसलो. ही चूक आता दुरुस्त केली पाहिजे.

आम्हाला ही जाणीव एका तरुणाने करून दिली. आपल्याच समाजातला, घरात शिकलेली पहिली पिढी, सिव्हिलची पदवी घेऊन रस्त्यांचे आराखडे करणाऱ्या एका खासगी कंपनीत लागलेला. एका संध्याकाळी तो आमच्या कार्यालयात आला. "जय भीम, वकीलसाहेब. एक गोष्ट दाखवायची आहे," म्हणून त्याने लॅपटॉप उघडला. पडद्यावर डोंगर होता, डोंगराच्या अंगावरून जाणारा घाटरस्ता होता आणि एका वळणानंतर रस्त्याची कड तुटलेली होती. तिथे लाल खूण होती. "सर म्हणाले, उतार बदल, एरर जाईल. मी बदलला. एरर गेली. पण साहेब, त्या जागेच्या खाली वाडी आहे."

ही एरर म्हणजे काय, हे आमच्या वाचकांनी समजून घेतले पाहिजे, कारण तिच्यात कायद्याचा आणि जीविताचा प्रश्न दडलेला आहे.

आज रस्त्याची आखणी सिव्हिल थ्री-डी, ओपनरोड्स अशा सॉफ्टवेअरवर होते. आधी जमिनीची मोजणी करून हजारो बिंदूंची उंची घेतात. सॉफ्टवेअर हे बिंदू त्रिकोणांनी जोडून जमिनीचा आकार तयार करते. मग त्या आकारावर रस्त्याची मध्यरेषा टाकतात, चढ ठरवतात आणि ठरावीक अंतरावर, समजा दर २० मीटरला, रस्त्याचा आडवा छेद बसवतात. रस्त्याच्या कडेपासून सॉफ्टवेअर एक तिरपी रेघ ओढते. ही कटिंगची रेघ. ती वर चढत जाऊन मूळ जमिनीला जिथे भेटते, तिथे डोंगर कापणे संपते. सपाट मुलखात हे सगळे बिनबोभाट होते. अवघड होते ते डोंगरात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या वर्गीकरणात आडव्या १०० मीटरमागे ६० मीटरहून अधिक चढ असलेली जमीन तीव्र उताराची धरतात. अशा जागी ही रेघ आणि जमीन यांची भेट लांबत जाते.

हिशेब साधा आहे. समजा, दहा मीटर रुंदीचा रस्ता पूर्णपणे डोंगर कापून काढायचा आहे आणि कटिंगचा उतार एकास एक आहे, म्हणजे जितके वर जायचे तितकेच मागे सरकायचे. डोंगर १०० मीटरला ६० मीटर चढत असेल, तर कटिंगची उंची १५ मीटर होते. तोच डोंगर ८० मीटर चढत असेल तर ४० मीटर. ९० मीटर चढत असेल तर थेट ९० मीटर! आणि १०० ला १०० असेल तर कटिंगची रेघ आणि डोंगर एकमेकांना समांतर धावतात, त्यांची भेट कधीच होत नाही. मग सॉफ्टवेअर थांबते आणि लाल खूण देते.

आता उपाय पाहा. उताराच्या रकान्यात एकास एकऐवजी एकास चार असा आकडा टाकायचा, म्हणजे एक मीटर मागे सरकताना चार मीटर वर चढायचे. जवळजवळ उभी भिंत. ९० मीटर चढाच्या त्याच डोंगरावर कटिंगची उंची ९० मीटरवरून १२ मीटरच्या आत येते. लाल खूण नाहीशी होते, मातीकामाचा खर्च घटतो, आराखडा वेळेत जातो. डोंगर मात्र होता तसाच राहतो. त्याने हा बदल मान्य केला की नाही, हे पावसाळ्यात कळते.

उभी कटिंग नेहमीच चुकीची असते, असे आम्ही म्हणत नाही. सह्याद्रीचा काळा पाषाण अखंड असेल तर तो उभा राहतो. पण सह्याद्री थरांचा आहे. कठीण बसाल्टच्या दोन थरांमध्ये मऊ लाल थर असतो, वर झिजलेला मुरूम आणि माती असते, भेगांतून पाणी झिरपते. सॉफ्टवेअरला दिलेला आकार हा फक्त वरच्या कातडीचा असतो. आत काय आहे, हे भोके पाडून, माती-खडक तपासून त्याला सांगावे लागते. ते न सांगता एकास चार हा आकडा टाकणे म्हणजे साक्षीदार न तपासता निकाल देणे होय.

आणखी दोन दोष आहेत. ओढ्याच्या तळाची आणि काठांची रेघ मोजणीत घेतली नाही, तर त्रिकोण एका काठावरून थेट दुसऱ्या काठावर उडी मारतात आणि पडद्यावर ओढा बुजून जातो. दुसरे म्हणजे दर २० मीटरच्या दोन छेदांमध्ये एखादा ओहोळ असेल तर तो छेदांना दिसतच नाही. मग तिथे मोरी पडत नाही. पाणी मात्र आपली वाट विसरत नाही.

इथपर्यंत गोष्ट तंत्राची वाटेल. आता कायद्याकडे या. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घेताना राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ लागू होतो. कलम ३-अ ची अधिसूचना निघते, कलम ३-क प्रमाणे २१ दिवसांत हरकत घेता येते आणि पुढे कलम ३-ड च्या घोषणेने जमीन केंद्र सरकारकडे जाते. कोणते गट आणि किती रुंदीची पट्टी, हे ठरते ते आराखड्यातील कटिंगच्या आणि भरावाच्या कडेवरून. वरच्या उदाहरणात एकास एक उताराला सुमारे १०० मीटर रुंदीची पट्टी लागते. एकास चारला अवघी १३ मीटर. म्हणजे एक आकडा बदलला की ८७ मीटर पट्टीवरची शेते, झाडे, घरे 'बाधित' या शब्दातून बाहेर फेकली जातात! त्यांना नोटीस नाही, मोबदला नाही, पुनर्वसन नाही. उद्या ती कटिंग ढासळली तर वरच्याचे शेत जाणार आणि खालच्याचे घर गाडले जाणार. शासनदरबारी मात्र ते बाधित नव्हतेच. त्यांच्यासाठी पंचनामा आणि सानुग्रह मदत, हक्क नव्हे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांचा अभ्यास बंधनकारक केला. परंतु त्याच कायद्याच्या कलम १०५ ने महामार्गांना त्यातून वगळले. मोबदल्याच्या तरतुदी २०१५ पासून लागू झाल्या, अभ्यास मात्र लागू झाला नाही. म्हणजे डोंगरउतारावरची माणसे मोजण्याची सक्ती ना सॉफ्टवेअरवर आहे, ना या कायद्यात.

आणि या उतारांवर राहते कोण? ठाकूर, कातकरी, धनगर आणि गावकुसाबाहेर ढकललेली आपली माणसे. सपाट, पाण्याची, सातबाऱ्यावर चढलेली जमीन कोणाच्या वाट्याला आली आणि उताराची कोणाच्या, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

डोंगर कापल्याचे परिणाम आपण पाहिले आहेत. जुलै २०१५ मध्ये द्रुतगती मार्गावर आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळून प्रवासी मृत्युमुखी पडले. त्यानंतर कड्यांवर जाळ्या बसवण्यात आल्या. गोवा महामार्गावरील परशुराम घाटात चौपदरीकरणासाठी डोंगर कापताना दगडमाती खालच्या पेढे गावाकडे आली आणि २०२२ च्या उन्हाळ्यात रोज काही तास घाट बंद ठेवून काम करावे लागले. या ठिकाणी संगणकावर कोणता आकडा टाकला होता, याचा निवाडा आम्ही करीत नाही. परंतु असे आकडे कोणी, कशाच्या आधारे टाकले, हे विचारण्याचा अधिकार घाटाखाली राहणाऱ्याला आहे, एवढे आम्ही नक्की म्हणतो.

इर्शाळवाडीचे दुःख तर आमच्या दारातले आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाचा कडा खालापूर तालुक्यातील या ठाकूरवाडीवर कोसळला. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ताच राहिले. तिथे कोणत्याही रस्त्याची कटिंग नव्हती. उलट, तिथे रस्ताच नव्हता! बचावकार्याला यंत्रे नेता आली नाहीत, माणसे पायी डोंगर चढून गेली. ही वाडी दरडप्रवण ठिकाणांच्या यादीत नव्हती, असे सरकारने विधिमंडळात सांगितले. द्रुतगती मार्गावरून जाताना इर्शाळगड दिसतो. त्याच्या कुशीतली वाडी यादीला दिसली नाही. उपग्रहाच्या नेहमीच्या माहितीत ३० मीटर लांब-रुंद चौकोनाला एकच उंची मिळते. एवढ्या चौकोनात दोन-तीन झोपड्या, एक झरा आणि एक पायवाट सहज मावते आणि सहज हरवते. त्या माहितीवर पहिली आखणी करायला हरकत नाही. अडचण तेव्हा होते, जेव्हा तिच्यावरच शेवटचा निर्णय होतो.

आम्ही रस्त्याचे विरोधक आहोत काय? मुळीच नाही. बाळंतिणीला झोळीतून डोंगर उतरवावे लागते त्या प्रत्येक वाडीला रस्ता हवा. पैसा असला की शासन डोंगराचे म्हणणे ऐकते, हेही आम्ही पाहतो. बोरघाटातील वळणे टाळण्यासाठी आखलेल्या १३.३ किलोमीटरच्या नव्या मार्गिकेत बोगदे आणि दरीवरचा केबलचा पूल आहे. कारण तिथे वाहनांचा वेग वाचवायचा आहे. मग वाडीवरच्या माणसाचा जीव वाचवण्यासाठी आखणी दहा मीटर सरकवणे, पायऱ्या-पायऱ्यांनी कटिंग करणे, संरक्षक भिंत बांधणे, पाण्याला गटार देणे एवढेही परवडत नाही, हे आम्ही कसे मान्य करावे?

बोरघाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे. जाणारे-येणारे चालक तिथे नाणे टाकतात. लोककथा सांगते, की इंग्रजांना घाटातून वाट सापडेना, तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने ती दाखवली आणि बक्षीस म्हणून त्याला गोळी मिळाली. आम्ही नाणे टाकणारे नव्हे. परंतु त्या कथेतला न्याय-अन्याय आम्हाला कळतो. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. ती खोदताना एका वेळी ४० हजारांहून अधिक मजूर राबत होते आणि त्यातले हजारो पटकीने, तापाने, अपघाताने मेले. इतिहासात नावे राहिली ती इंजिनिअरांची आणि कंत्राटदारांची. गुरामागे फिरणाऱ्याच्या पायांना डोंगराचे जे ज्ञान होते, ते तेव्हाही फुकट घेतले गेले. आज तर ते विचारलेही जात नाही. कोणत्या जागी श्रावणात नवा झरा फुटतो, कोणत्या बांधाला दरवर्षी तडा जातो, हे वाडीतल्या म्हातारीला ठाऊक असते. सॉफ्टवेअरमध्ये तिच्यासाठी रकाना नाही.

तथागतांचा धम्म 'एहिपस्सिको' आहे. या आणि स्वतः पाहा. आमच्या मते डोंगरातल्या आखणीची चूक शोधण्याचीही हीच रीत आहे. लाल खूण दिसली की आकडा बदलू नका, त्या जागी जा. चढ मोजा, ओढ्याच्या रेघा घ्या, छेद जवळ जवळ टाका, खडक तपासा, वाडीतल्या माणसांना विचारा. मग ठरवा, की उतार बदलायचा, भिंत बांधायची की रस्ताच दुसरीकडून न्यायचा.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. घाटरस्त्याचे आडवे छेद, कटिंगच्या उतारासह, मराठीत ग्रामपंचायतीत लावावेत आणि ते २१ दिवसांची मुदत सुरू होण्याआधी लावावेत. अधिसूचनेत गट क्रमांक असतात, पण आपल्या डोक्यावर किती उंच कडा कापला जाणार हे त्यावरून कोणाला कळणार? जिथे सॉफ्टवेअरने चूक दाखवली आणि ती आकडा बदलून मिटवली, त्या प्रत्येक जागेची नोंद अहवालात असावी. कटिंगच्या वरची आणि खालची धोक्याची पट्टी 'बाधित' धरावी. वनहक्काचे दावे प्रलंबित असलेली घरेही नकाशावर दाखवावीत.

आमच्या कार्यकर्त्यांनाही सांगणे आहे. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हातात आहे. फक्त खर्चाचे कागद मागू नका, छेदांचे नकाशे मागा. आणि जे आपले मुलगे-मुली आज या संगणकांसमोर बसले आहेत, त्यांना सांगणे असे, की तुम्ही त्या खुर्चीपर्यंत कोणाच्या संघर्षाने पोहोचलात हे विसरू नका. नोकरी गमवा असे आम्ही म्हणत नाही. लेखी नोंद करा. कागदावरची एक ओळ उद्या कोर्टात उभी राहते.

त्या तरुणाला आम्ही हेच सांगितले. त्याने जुना उतार परत टाकला, लाल खूण तशीच ठेवली आणि शेरा लिहिला: 'या जागी प्रत्यक्ष पाहणी व खडक तपासणी आवश्यक. खाली वस्ती आहे.' वरिष्ठ काय करतील, हे आम्हाला माहीत नाही. पण यापुढे कोणालाही 'आम्हाला कळले नव्हते' असे म्हणता येणार नाही.