एक बटण आणि रामबनची रात्र

नोव्हेंबरातली गोष्ट. उधमपूरहून स्वतःच्या गाडीने श्रीनगरला निघालो होतो. शेजारी सौ., मागे साताऱ्याहून आलेली आई. रामबनच्या पुढे पाऊस लागला, शूटिंग स्टोन सुरू झाले आणि महामार्ग 44 नेहमीप्रमाणे बंद झाला. ज्यांनी या रस्त्यावर कॉन्व्हॉय काढलेत त्यांना पुढचं सांगायला नको. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली चिनाब, पुढेमागे ट्रकच ट्रक आणि रस्ता कधी उघडेल याचं प्रत्येकाकडे वेगळं उत्तर.

अशा वेळी फौजी माणूस पहिलं काम करतो ते म्हणजे इंजिन बंद. डिझेल किती आहे, रात्र किती आहे, याचा हिशेब मनात सुरू होतो. मीही बंद केलं. गाडीबरोबर रेडिओ गेला, फोनचं चार्जिंग गेलं आणि मागून आईचा आवाज आला, "अरे, हे बंद पडलं बघ."

"हे" म्हणजे तिचं नेब्युलायझर. तिला दमा आहे. छोटं यंत्र आहे, गाडीच्या सॉकेटवर चालतं, दहा मिनिटं लागतात. चौथ्या मिनिटाला बंद पडलं.

आता ब्रेकवर पाय न ठेवता बटण एकदा दाबलं की ॲक्सेसरी चालू होते, हे मला माहीत होतं. पण सवयीने पाय ब्रेकवर गेलाच. इंजिन सुरू झालं. माझं इंजिन ऐकून मागच्या तिघांनी आपापली सुरू केली. त्यांना वाटलं, रस्ता उघडला! पुढच्या ट्रकचा क्लीनर खाली उतरून बघायला लागला. मी शरमून इंजिन बंद केलं, पाय बाजूला घेतला आणि पुन्हा बटण दाबलं. यंत्र सुरू झालं. आईची वाफ पुरी झाली. मग बातम्या ऐकत बसलो, तर थोड्या वेळाने पडद्यावर सूचना आली की बॅटरी वाचवण्यासाठी वीज बंद होत आहे. पुन्हा बटण, पुन्हा सीटबेल्टची टीं टीं, पुन्हा थोड्या वेळाने अंधार. सौ. म्हणाली, "अहो, किती वेळा दाबताय? जुन्या गाडीत चावी अर्धी फिरवली की झालं!"

तिचं बरोबर होतं. जुन्या चावीला चार जागा होत्या. लॉक, एसीसी, ऑन आणि स्टार्ट. प्रत्येक जागेला खटका होता. काळोखात, हातमोजे घालून, अर्धवट झोपेतसुद्धा बोटांना कळायचं की आपण कुठे आहोत. जिप्सी चालवलेल्या कुठल्याही ड्रायव्हरला विचारा. आता त्या चार जागांचं काम एका बटणावर आलंय. पाय कुठे आहे आणि आपण कितव्यांदा दाबतोय, यावर त्याचा अर्थ बदलतो. एकदा दाबलं तर ॲक्सेसरी, दोनदा दाबलं तर ऑन, तिसऱ्यांदा बंद, आणि ब्रेक किंवा क्लच दाबलेला असेल तर थेट इंजिन. हाताला मात्र चारही वेळा एकच टिचकी लागते.

रात्री दोनच्या सुमारास आईला पुन्हा धाप लागली. झोपेतच बटण दाबलं. एकदा की दोनदा, ते आठवत नाही. यंत्र चाललं, आई शांत झाली, मीही झोपलो. पहाटे थंडीने जाग आली तेव्हा पंख्याची हवा अगदी मंद येत होती. तेव्हा कळलं की दोनदा दाबलं गेलं होतं. गाडी ऑनवर होती. ब्लोअर आणि दिवे रात्रभर चालू होते. इंजिनाचं बटण दाबलं, टिक टिक झाली आणि पडदाही मिटला. स्टिअरिंगचं लॉक विजेवर, तेही सुटेना. जिप्सी असती तर उतारावर धक्का मारून सुरू केली असती. इथे गाडीचं डोकंच झोपलेलं.

मी सिग्नल्सचा माणूस. वायरलेस सेटच्या जड बॅटऱ्या खांद्यावरून वाहिल्यात, चार्जिंग इंजिनशेजारी रात्री काढल्यात, हायड्रोमीटरने एकेक सेल तपासलाय. काटा 1250 च्या आसपास असला की बॅटरी भरलेली, 1180 ला आला की उतरलेली, हे झोपेत सांगेन. त्या माणसाची स्वतःच्या गाडीची बॅटरी उतरली! उस्तादांनी पाहिलं असतं तर पिठ्ठू लावला असता.

मागच्या ट्रकचे सरदारजी मदतीला आले. ट्रकची वीज 24 व्होल्टची, कारची 12 ची. पूर्ण ट्रकवरून जोडणी केली तर कारची इलेक्ट्रॉनिक्स जळायची. सरदारजींना ते माझ्याआधी माहीत होतं. त्यांनी ट्रकच्या दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच तारा लावल्या. "फौजी साहब, बटन वाली गड्डी?" एवढंच विचारलं आणि हसले. मी चहा पाजला.

आता हिशेब मांडतो. माझ्या गाडीची बॅटरी 60 अँपिअर-तासांची. रेडिओ, पडदा, फोन आणि आईचं यंत्र मिळून 5 अँपिअर धरा. इंजिन सुरू करायला अर्धी बॅटरी राखून ठेवली तरी उरलेल्या 30 वर सहा तास निघतात. आणि गाडी मला थोड्याच मिनिटांत हाकलते. दुसऱ्या बाजूला हेडलाइटचे साधे दोन बल्ब 55 वॉटचे, म्हणजे सुमारे 9 अँपिअर. वर ब्लोअर. तो खर्च माझ्या गाडीने रात्रभर बिनबोभाट होऊ दिला. थेंबाथेंबाला पहारा आणि मोरी उघडी!

परत आल्यावर शोरूममध्ये तक्रार केली. तिथला मुलगा गोड हसून म्हणाला, "सर, इंजिन चालूच ठेवायचं ना." माझा खरा राग या उत्तरावर आहे. रांगेत पन्नास गाड्या, पावसामुळे काचा बंद आणि सगळ्यांची इंजिनं चालू, हा सल्ला कुणाला द्यायचा? जानेवारी 2022 मध्ये पाकिस्तानात मरीला बर्फात अडकलेल्या गाड्यांत वीसहून अधिक माणसं गेली. त्यातल्या काहींचा जीव कार्बन मोनॉक्साइडने गेल्याचं तेव्हाच्या बातम्यांत होतं. बर्फाने सायलेन्सरचं तोंड बुजलं की तो वायू गाडीत शिरतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोप लागते ती लागतेच. बर्फातल्या तंबूत बुखारी लावून झोपू नका, असं आपण प्रत्येक नव्या जवानाला बजावतो ते याचसाठी. फोन चार्ज करायला इंजिन चालू ठेवा, हे त्याच जातीचं उत्तर आहे.

दुसरी बाजूही सांगतो. वेळेची ही मर्यादा उगाच आलेली नाही. चावी एसीसीवर विसरून बॅटरी उतरवणारे पूर्वीही होते, माझ्याच युनिटमध्ये होते. इंजिन सुरू करायची बॅटरी एका झटक्यात मोठा करंट देण्यासाठी बनवलेली असते. ती वारंवार पूर्ण उतरवली की लवकर मरते, आणि थंडीत तिची ताकद आधीच कमी झालेली असते. राखण हवीच. पण राखण घड्याळाने का करायची? व्होल्टेज बघून करा. भरलेली बॅटरी स्वस्थ असताना 12.6 दाखवते, अर्धी झाली की साधारण 12.2. गाडीत इतके सेन्सर आहेत, तर तेवढा आकडा पडद्यावर दाखवा, 12.2 ला आधी सूचना द्या आणि मग बंद करा. ॲक्सेसरीला वेगळं बटण द्या, हाताला कळेल असं. आणि इंजिन बंद केल्यावर ॲक्सेसरी चालू राहावी की नाही, हे चालवणाऱ्याला ठरवू द्या.

बटणाला माझा विरोध नाही. चावी खिशातच राहते, याचं सुख मीही भोगतो. पण सोय त्या यंत्राला म्हणावं जे अडचणीच्या वेळी मालकाचं ऐकतं. शोरूमच्या थंडगार हवेत सगळ्याच गाड्या शहाण्या असतात.

तोवर आपला बंदोबस्त आपणच करायचा. मी आता गाडीत एक पॉवर बँक आणि जंप केबल ठेवतो. आईचं यंत्र पॉवर बँकेवर चालतं, गाडीच्या मर्जीवर नाही. रिमोटच्या आतली लोखंडी चावी कशी काढायची तेही सौ.ला शिकवलंय, कारण बॅटरी मेली की दार त्याच चावीने उघडतं.

बटणवाली गाडी घेतलेल्या माझ्या जुन्या साथीदारांना एक विनंती. आज संध्याकाळी दारात उभ्या गाडीत अर्धा तास बसा. एकदा दाबून काय लागतं, दोनदा दाबून काय लागतं, किती मिनिटांनी बंद होतं आणि काय बंद होत नाही, ते वहीत लिहा. हत्यार रेंजवर नेण्याआधी आपण उघडून बघायचो ना? तसंच. मी हे घरी केलं नाही, रामबनला केलं, तेही आई मागे धापा टाकत असताना.

जय हिंद.