रूटचा पासवर्ड विद्यार्थ्यांना द्या

ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रॅक्टिकलचं जर्नल हा आमच्याकडचा वारसा आहे. सीनियरचं ज्युनियरकडे जातं, तो उतरवतो, सही होते. एकाने तर आउटपुटचा प्रिंटही तसाच चिकटवला होता. त्यावर मागच्या वर्षीची तारीख आणि दुसऱ्याच मुलाचं युजरनेम.

व्हायवात कमांडचे अर्थ ही मुलं धडाधड सांगतात. ‘डिस्कवर जागा शिल्लक दिसते, तरी नवी फाइल बनत नाही. का?’ असं विचारलं की गप्प. आयनोड, म्हणजे फाइलींच्या नोंदींच्या जागा, संपल्या की असं होतं. पुस्तकात ते आहे. पण तसं अडलेलं मशीन कुणी पाहिलेलं नसतं.

दोष मुलांचा नाही. विषय सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेशन आणि लॅबमध्ये त्यांना साधं नवं युजर अकाउंट उघडायची मुभा नाही! रूटचा, म्हणजे सर्वाधिकाराचा, पासवर्ड लॅब असिस्टंटकडे. त्याचीही बाजू आहे: डेडस्टॉक रजिस्टरवर सही त्याची, मशीन बिघडलं तर जाब त्यालाच. पण व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर, आल्यापासून ही सबब उरलेली नाही. व्हर्च्युअलबॉक्स फुकट, लिनक्स फुकट. स्नॅपशॉट घ्या, हवं ते मोडा, परत पहिल्या जागी या. खऱ्या डिस्कला ओरखडाही नाही.

मी प्रॅक्टिकलच्या आदल्या संध्याकाळीच या व्हर्च्युअल मशीनमध्ये खोड्या करून ठेवते. कुठल्या डिस्क जोडायच्या त्याची यादी एफएसटॅब नावाच्या फाइलीत असते. तिथे डिस्कच्या ओळखक्रमांकातलं एक अक्षर बदललं की मशीन सुरू होताना दीड मिनिट त्या डिस्कची वाट बघतं आणि इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन थांबतं. काळा पडदा दिसला की पहिला प्रश्न ठरलेला: ‘मॅडम, फॉरमॅट मारू?’ मारायचं नाही. रूटचा पासवर्ड टाकायचा, लॉग वाचायचा, चुकलेली ओळ शोधायची. घाईत कुणीतरी सगळ्या सिस्टिमवर ‘सीएचमॉड 777’, म्हणजे सगळ्यांना सगळ्या परवानग्या देणारी कमांड, चालवतोच. त्याने सुडोचा, म्हणजे रूटच्या अधिकाराने काम करू देणाऱ्या कमांडचा, विशेष अधिकार पुसला जातो आणि सुडोच चालेनासं होतं. परवानग्यांचा धडा त्या दिवशी जितका पक्का होतो, तितका फळ्यावर कधी झाला नाही.

हे कॉलेजपुरतं नाही. 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीच्या एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर डेटा पुसण्याची कमांड दिली. थांबवेपर्यंत सुमारे 300 जीबींपैकी साडेचार जीबी उरले होते. बॅकअपच्या एकेक व्यवस्था तपासल्या, तर ऐन वेळी कामाला येईनात. कुणीतरी वेगळ्याच कामासाठी सहा तास आधी घेतलेल्या स्नॅपशॉटवर निभावलं. आमच्या जर्नलात बॅकअप घेण्याचं प्रॅक्टिकल आहे, तो परत आणून दाखवण्याचं नाही.

लिनक्स कंपनी रेड हॅटच्या आरएचसीएसए या प्रमाणपत्र परीक्षेत प्रश्नांची उत्तरं लिहायची नसतात. मशीनवर कामं करून दाखवायची, आणि ती रीबूटनंतरही टिकली पाहिजेत. आमची मुलं त्यासाठी बाहेरच्या क्लासला वेगळे पैसे भरतात. ज्या कॉलेजात तोच विषय फी घेऊन शिकवला जातो, त्या कॉलेजाला याची लाज वाटायला हवी.

अभ्यास मंडळांवरच्या सदस्यांना माझी विनंती आहे: जर्नलचे निम्मे गुण काढा आणि बंद पडलेलं मशीन चालू करून दाखवण्याला द्या. एक्स्टर्नल परीक्षकांनी प्रश्नांच्या चिठ्ठ्यांऐवजी पेन ड्राइव्हवर एक बिघडवलेलं व्हर्च्युअल मशीन घेऊन यावं.